चित्रपटांच्या डिस्कचा संग्रह घरच्या डिजिटल संग्रहालयात : एका स्थलांतराचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका चित्रपटप्रेमी संग्राहकाचे आहे. पंचवीसेक वर्षे त्यांनी निगुतीने चित्रपटांच्या डिस्क जमवल्या आणि प्रत्येक डिस्कची नोंद एका जाड वहीत केली. चित्रपटाचे नाव, वर्ष, दिग्दर्शक, कालावधी, डिस्कची आवृत्ती, ध्वनीच्या भाषा, उपशीर्षके आणि सोबतचे जादा साहित्य अशी ती नोंद असे, आणि पुढच्या सगळ्या कामात या वहीचा जितका उपयोग झाला तितका कोणत्याही सॉफ्टवेअरचा झाला नाही. संग्राहकाची मुलगी संगणकाच्या कामात तरबेज आहे. प्रत्यक्ष रूपांतराचा बराचसा भार तिने उचलला. मी या दोघांना सुरुवातीपासून सल्ला देत होतो, त्यामुळे कोणता निर्णय का झाला हे मला जवळून पाहता आले. ओळख पटेल असे सर्व तपशील येथे गाळले आहेत.

संग्रहात सुमारे ६४० डिस्क होत्या. त्यांपैकी जवळपास ४०० डीव्हीडी, ११० ब्लू-रे आणि ९० व्हीसीडी या बाजारात विकत घेतलेल्या होत्या. उरलेल्या चाळीसेक डिस्क म्हणजे घरी लिहिलेल्या डीव्हीडी-आर. त्यांत काही जुने चित्रपट दूरचित्रवाणीवरून मुद्रित केलेले होते, आणि काहींत संग्राहक ज्या चित्रपट मंडळाचे सभासद होते तेथील चर्चांचे चित्रीकरण होते. ते कॅमेऱ्याच्या टेपवरून डीव्हीडीवर उतरवून घेतलेले होते, टेप केव्हाच टाकून दिलेल्या होत्या आणि मंडळही बंद पडले होते. या चर्चांची दुसरी प्रत कोठेही नव्हती.

अडचण कशी लक्षात आली

निमित्त अगदी साधे होते. जुना प्लेअर डिस्क ओळखेनासा झाला, घरातल्या नव्या संगणकांपैकी एकालाही डिस्कचा ड्राइव्ह नव्हता, आणि चित्रपट पाहायचा तर आधी कपाटापुढे बसून डिस्क शोधायची, ती पुसायची आणि मग ती चालेल की नाही याची वाट पाहायची, अशी अवस्था झाली. संग्राहकांनी संग्रह ‘हार्ड डिस्कवर टाकून घ्यायचा’ असे ठरवले, एक ८ टीबीची हार्ड डिस्क आणि बाहेरून जोडायचा ब्लू-रे ड्राइव्ह आणला आणि आपल्या आवडत्या चित्रपटांपासून सुरुवात केली. पहिल्या काही आठवड्यांत साठ-सत्तर ब्लू-रे उतरवून झाल्या. काम झकास चालले आहे असे सर्वांनाच वाटत होते.

मग एके दिवशी त्यांनी मंडळातल्या एका चर्चेची डिस्क सहज म्हणून लावली. पहिला तासभर चित्र सुरळीत चालले, पुढे ते चौकोनांत फुटू लागले आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत ड्राइव्ह नुसता घरघरत राहिला. डिस्क उलटी करून प्रकाशात धरल्यावर कारण दिसले. लिहिलेल्या बाजूचा जांभळा रंग कडेकडे फिकट होत गेला होता, आणि वरच्या बाजूला हौसेने चिकटवलेल्या कागदी लेबलाची कड उचलली गेल्याने डिस्क किंचित वाकली होती.

हे का घडते ते समजून घेतल्याशिवाय पुढचे निर्णय कळणार नाहीत. कारखान्यात तयार होणाऱ्या डीव्हीडीत माहिती साच्याने उमटवलेली असते आणि तिच्यावर धातूचा परावर्तक थर असतो, ०.६ मिमी जाडीच्या दोन पॉलिकार्बोनेट चकत्यांमध्ये हा सगळा भाग चिकटवून बंद केलेला असतो. डीव्हीडी-आरमध्ये उमटवलेले काही नसते. तिच्यात सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो, ड्राइव्हचा लेझर तो ठिकठिकाणी तापवून माहिती लिहितो, आणि हेच रंगद्रव्य पुढे उष्णतेने, उजेडाने आणि काळाने विटत जाते. शिवाय एकथरी डीव्हीडी आतून बाहेर अशी वाचली जाते, त्यामुळे कडेचा भाग खराब झाला की चित्रपटाचा शेवट जातो. सुरुवातीची पाच मिनिटे पाहून ‘डिस्क चांगली आहे’ असे म्हणणे म्हणूनच धोक्याचे असते.

थोडक्यात, स्थलांतराचा क्रमच उलटा लागला होता. ज्या डिस्क आणखी कित्येक वर्षे टिकल्या असत्या आणि खराब झाल्या तरी पुन्हा मिळवता आल्या असत्या त्या आधी उतरवल्या गेल्या, आणि ज्या दर महिन्याला थोड्या थोड्या मरत होत्या त्या कपाटाच्या तळाशी पडून राहिल्या.

पहिला निर्णय : क्रम बदलणे

संग्राहकांचे म्हणणे असे की ब्लू-रेंचे काम निम्म्याहून अधिक झालेच आहे, तर ते पुरे करून मग इतरांकडे वळावे. मुलीने मात्र ठाम भूमिका घेतली : “बाबा, जे पुन्हा विकत मिळणार नाही ते आधी उतरवू या. बाकीचं कधीही करता येईल.” मलाही तेच योग्य वाटले. येथे दोन प्रश्न एकत्र विचारावे लागतात. डिस्क किती लवकर खराब होणार हा पहिला, आणि ती गेली तर तिच्या जागी दुसरी आणता येईल का हा दुसरा. दोन्ही उत्तरे वाईट असलेल्या डिस्क रांगेत सर्वांत पुढे हव्यात. आवड हा निकष या रांगेत बसत नाही, हे संग्राहकाला पटवून देणे वाटते तितके सोपे नसते, कारण संग्रह उभा राहिलेला असतो तोच मुळी आवडीवर.

वही समोर घेऊन नवा क्रम लावला. प्रथम घरी लिहिलेल्या डीव्हीडी-आर, मग व्हीसीडी, मग बाजारातून नाहीशा झालेल्या डीव्हीडी, त्यानंतर सहज मिळणाऱ्या डीव्हीडी आणि अखेरीस उरलेल्या ब्लू-रे.

व्हीसीडी दुसऱ्या क्रमांकावर का, असे कोणी विचारील. चित्राचा दर्जा पाहिला तर त्या सर्वांत खालच्या. ३५२ बाय २८८ बिंदूंचे एमपेग-१ चित्र मोठ्या पडद्यावर धूसरच दिसते. पण सीडीच्या रचनेत परावर्तक थर लेबलाच्या अगदी खाली, लाखेच्या पातळ लेपाच्या आड असतो, आणि वरच्या बाजूने ओरखडा गेला तर थेट माहितीच खरवडली जाते. त्यात व्हीसीडीवरचा चित्रपट ज्या प्रकारच्या सेक्टरांत, म्हणजे माहितीच्या लहान कप्प्यांत, लिहिलेला असतो त्यांत चूक दुरुस्त करणारी जादा माहिती साध्या डेटा सीडीपेक्षा कमी असते, कारण ती जागा चित्रासाठी वापरलेली असते. आणि यांतले अनेक चित्रपट पुढे डीव्हीडीवर आलेच नाहीत. धूसर प्रत असली तरी तीच एकमेव हाताशी असेल, तर तिचे मोल दर्जावरून ठरवता येत नाही.

विचारात घेतलेले पर्याय

संग्रह उतरवायचाच नाही, नवा प्लेअर घ्यायचा आणि डिस्कच वापरत राहायचे, हा पहिला पर्याय. चांगल्या स्थितीतल्या ब्लू-रेंपुरता तो आजही वाईट नाही. पण घरी लिहिलेल्या डिस्कचा प्रश्न त्याने सुटत नव्हता. दुसरा पर्याय, ऑनलाइन सेवांवर भिस्त ठेवण्याचा, वही उघडताच गळून पडला. संग्रहातले कितीतरी चित्रपट तेथे नव्हते, जे होते ते उद्या असतीलच याची हमी नव्हती, आणि ज्या विशिष्ट आवृत्तीसाठी, भाष्यासाठी किंवा उपशीर्षकांसाठी डिस्क घेतली होती ती तेथे क्वचितच मिळते.

खरी चर्चा झाली ती उरलेल्या दोन पर्यायांवर : डिस्कवरचे चित्र आणि ध्वनी जसेच्या तसे ठेवायचे, की नव्या पद्धतीने दाबून फाइली लहान करायच्या?

आकड्यांवरून पाहिले तर दाबण्याचा मोह समजण्यासारखा होता. डीव्हीडीची क्षमता एका थरात ४.७ जीबी आणि दोन थरांत ८.५ जीबी, ब्लू-रेची अनुक्रमे २५ आणि ५० जीबी. मुख्य चित्रपट तेवढा घेतला तरी डीव्हीडी सरासरी साडेसहा आणि ब्लू-रे तीसच्या आसपास जीबी धरावी लागत होती. म्हणजे ४०० डीव्हीडींचे सुमारे २.६ टीबी, ११० ब्लू-रेंचे ३.३ टीबी आणि बाकीचे किरकोळ, असे सगळे मिळून सहा टीबींच्या थोडे वर. एच.२६५ या दाबण्याच्या नव्या पद्धतीने दाबल्यास हेच दोन टीबींत बसले असते.

मुलीने चाचणी घेतली. एका जुन्या कृष्णधवल चित्रपटातला रात्रीच्या पावसाचा प्रसंग निवडला आणि हँडब्रेक या चित्रपट दाबणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळ्या दर्जाच्या मापांवर त्याच्या प्रती काढून तिघांनी मूळ चित्राशेजारी लावून पाहिल्या. मध्यम मापावर दाबलेल्या प्रतीत फाइल खरोखरच लहान झाली होती, चेहरेही स्वच्छ दिसत होते. पण फिल्मचा बारीक रवा पुसला गेला होता आणि काळ्या आभाळातल्या पावसाच्या रेघांचे ठिकठिकाणी सपाट डाग झाले होते. रवा राखायचा म्हणून माप वर नेले की फाइल मूळच्या जवळपास जाऊ लागली. याचे कारण उघड आहे. रवा प्रत्येक चौकटीत, म्हणजे फ्रेममध्ये, वेगळा असतो, आणि चित्र दाबणारी पद्धत जगते ती लागोपाठच्या चौकटींतल्या साम्यावर; त्यामुळे रव्यालाच सर्वांत आधी कात्री लागते.

मंडळाच्या चर्चांबाबत आणखी एक अडचण होती. व्हिडिओ कॅमेऱ्याचे चित्र आंतररेखित असते, म्हणजे सेकंदाला पन्नास अर्धी चित्रे, एकाआड एक ओळींची. ती निष्काळजीपणे जोडून पंचवीस पूर्ण चौकटी केल्या की हालचालीतला निम्मा तपशील कायमचा जातो. तीच फाइल मूळ स्वरूपात ठेवली तर जोडणीचे काम पाहतेवेळी प्लेअर करतो, आणि पुढे अधिक चांगली पद्धत आली तर तिचाही लाभ मिळतो.

निर्णय असा झाला की सर्व काही न दाबता, एमकेव्ही या आवरणात, म्हणजे चित्र, ध्वनी आणि उपशीर्षके एकत्र ठेवणाऱ्या फाइलीत, जसेच्या तसे ठेवायचे. दाबलेली प्रत पुढे केव्हाही करता येते, पण दाबलेल्यातून मूळ पुन्हा मिळत नाही, आणि साठवणुकीचा खर्च एकदाच करायचा असतो, तर ६४० डिस्क पुन्हा हाताळण्याचे श्रम कोणालाच नको असतात. एमकेव्हीत गेल्यावर डिस्कचा मेनू मात्र जातो. म्हणून वहीत ज्यांच्यापुढे भाष्य, वगळलेले प्रसंग किंवा मुलाखती अशी नोंद होती त्यांतल्या तीसेक निवडक डीव्हीडींची संपूर्ण प्रतिमा, म्हणजे आयएसओ फाइलही सोबत ठेवली.

कायद्याचा विचार

हा भाग अनेकजण टाळतात. या कुटुंबाने टाळला नाही. विकत घेतलेल्या बहुतेक डीव्हीडींवर आणि ब्लू-रेंवर डिजिटल कुलूप असते, आणि स्वतःच्या डिस्कची स्वतःसाठी प्रत काढणे व त्यासाठी कुलूप उघडणे या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी ठरू शकतात. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने कुलूप तोडण्यालाच मनाई केली. ब्रिटनमध्ये खासगी वापरासाठी प्रत काढण्याची मुभा २०१४ मध्ये मिळाली आणि २०१५ मध्ये न्यायालयाने ती रद्द केली. देशागणिक चित्र असे पालटत असल्याने त्यांनी आपल्याला लागू असलेले नियम जाणकाराकडून आधी समजून घेतले, आणि त्यांच्या चौकटीत राहूनही काही बंधने आपणहून घालून घेतली : फाइली घराबाहेरच्या कोणालाही द्यायच्या नाहीत, त्या इंटरनेटवरून खुल्या करायच्या नाहीत आणि ज्या डिस्कची प्रत ठेवली आहे ती डिस्क विकायची नाही. शेवटच्या अटीमुळे कपाट पूर्ण रिकामे होण्याची आशा संपली, पण माझ्या मते ती अट योग्यच आहे. डिस्क विकून प्रत ठेवणे म्हणजे एका खरेदीत दोन घरे भागवणे होय.

प्रत्यक्ष काम : खराब डिस्क

चांगल्या डिस्कविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. डिस्क मधोमधून कडेकडे सरळ रेषेत पुसायची, ड्राइव्हमध्ये घालायची, मेकएमकेव्ही या डिस्कवरून एमकेव्ही फाइल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मुख्य चित्रपट व हव्या त्या भाषा निवडायच्या आणि वीस-पंचवीस मिनिटांनी पुढची घ्यायची. ब्लू-रेला याच्या दुप्पट वेळ लागे. काही ब्लू-रेंवर शेकडो फसव्या प्लेलिस्ट असतात, ज्यांत प्रसंगांचा क्रम मुद्दाम उलटसुलट केलेला असतो. तेथे डिस्क प्लेअरवर लावून खरी प्लेलिस्ट ओळखावी लागली.

कस लागला तो घरी लिहिलेल्या डिस्कवर. साधी कॉपी करू गेले की पहिल्या न वाचता येणाऱ्या जागी संगणक अडकतो, तेथेच पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो आणि अखेर सगळेच सोडून देतो. म्हणून डीडीरेस्क्यू हे साधन वापरले. ते आधी सहज वाचता येणारा सगळा भाग उचलून घेते, अवघड जागा बाजूला ठेवते आणि कोणता सेक्टर मिळाला व कोणता राहिला याचा नकाशा एका लहान फाइलीत लिहून ठेवते. मग उरलेल्या जागांवर पुन्हा जाता येते, आणि हाच नकाशा घेऊन डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली तर तेथे फक्त राहिलेले तुकडे वाचले जातात. ही शेवटची सोय कळीची ठरली. प्रत्येक ड्राइव्हचा लेझर आणि त्याची सावरण्याची क्षमता थोडी वेगळी असते; एका ड्राइव्हला न दिसणारी जागा दुसऱ्याला दिसते.

ज्या चर्चेच्या डिस्कमुळे हे सर्व सुरू झाले तिचे उदाहरण घेऊ. पहिल्या ड्राइव्हने कडेचा जवळजवळ सगळा पट्टा नाकारला. मुलीने कोमट पाण्यात लेबलाचा सुटलेला भाग भिजवून अलगद काढायचा विचार बोलून दाखवला होता. मी तो सोडायला सांगितला, कारण लेबल ओढताना ताण थेट डिस्कवर येतो आणि आधीच वाकलेल्या डिस्कच्या चकत्या सुटण्याची भीती असते. डिस्क तशीच, टेबलावरच्या संगणकात बसणाऱ्या एका जुन्या पण पूर्ण आकाराच्या ड्राइव्हमध्ये, वाचनाचा वेग कमीत कमी ठेवून लावली. वेग उतरल्यावर वाकलेल्या कडेची थरथर कमी झाली आणि राहिलेल्या भागातला मोठा हिस्सा रात्रभरात वाचला गेला. तिसऱ्या ड्राइव्हने आणखी थोडे दिले. शेवटी काही मोजके तुकडे कायमचे राहिले.

डीव्हीडीवर चुकांची दुरुस्ती ३२ केबीच्या गठ्ठ्याने होते; गठ्ठा गेला तर तो सगळाच जातो. सेकंदाला ५ मेगाबिटच्या चित्रात ३२ केबी म्हणजे सेकंदाचा जेमतेम विसावा भाग. पण डीव्हीडीवरचे चित्र ज्या पद्धतीने दाबलेले असते त्या एमपेग-२ मध्ये बहुतेक चौकटी आधीच्या-नंतरच्या चौकटींच्या आधाराने लिहिलेल्या असतात आणि पूर्ण स्वतंत्र चौकट फार तर पंधरा चौकटींनी एकदा येते, त्यामुळे एवढ्याशा भोकाचा डाग अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ पडद्यावर राहू शकतो. चर्चेच्या शेवटी असे काही डाग आहेत. बोलणे मात्र जवळजवळ सलग ऐकू येते, आणि त्या ध्वनिचित्रणात मोल आहे ते बोलण्याला.

चाळीसपैकी बहुतेक डिस्क पूर्ण मिळाल्या, सहांत थोडेफार नुकसान राहिले आणि दोन डिस्क कोणत्याच ड्राइव्हने ओळखल्या नाहीत.

तपासणी : दुसरा महत्त्वाचा निर्णय

फाइल तयार झाली म्हणजे चित्रपट उतरला, असे नसते. या प्रकरणात तपासणीला कामाइतकाच वेळ द्यायचा की नाही यावर मतभेद झाले. संग्राहकांना वाटे की कधी ना कधी सगळे चित्रपट पाहणारच आहोत, तेव्हा चूक दिसेलच. मुलीचे म्हणणे होते की चूक सापडेल तोवर डिस्क आणखी बिघडलेली असेल. शेवटी मधला मार्ग निघाला : प्रत्येक फाइल एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने सुरुवातीपासून शेवटपर्यंत उलगडून पाहायची आणि त्रुटींची नोंद काढायची, कालावधी वहीशी ताडायचा, आणि डोळ्यांनी फक्त तीन जागा पाहायच्या.

त्या तीन जागा कोणत्या, हे डिस्कच्या रचनेवरून ठरले. दोन थरांच्या डीव्हीडीत पहिला थर आतून बाहेर वाचला जातो आणि दुसरा बाहेरून आत. म्हणजे कडेवरचा सर्वांत धोक्याचा भाग चित्रपटाच्या मध्यावर येतो. त्यामुळे दोनथरी डिस्कमध्ये मध्याच्या आसपासचा भाग आणि एकथरी डिस्कमध्ये शेवट, असे नेमके पाहिले गेले. सुरुवात पाहिली ती केवळ भाषा आणि उपशीर्षके बरोबर जुळली आहेत का यासाठी.

कालावधी ताडताना एक गोंधळ झाला, तो नोंदवण्याजोगा आहे. बऱ्याच डीव्हीडी वहीतल्या कालावधीपेक्षा काही मिनिटांनी आखूड निघाल्या आणि शेवट कापला गेल्याची शंका आली. प्रत्यक्षात चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो, आणि पाल या दूरचित्रवाणी पद्धतीच्या डीव्हीडीवर तो २५ चौकटींनी चालवला जातो. त्यामुळे १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो. ही चार टक्क्यांची तफावत धरल्यावर जी नावे उरली त्यांत खरेच काहीतरी बिघडलेले होते, आणि ती सगळी पुन्हा उतरवता आली.

साठवण आणि बॅकअप

दोन हार्ड डिस्क एकमेकींचे प्रतिबिंब ठेवणारी पेटी घ्यावी, असा सल्ला त्यांना अनेकांनी दिला होता. अशी पेटी एक हार्ड डिस्क बंद पडली तरी काम चालू ठेवते, हे खरे. पण चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून त्याच क्षणी पुसली जाते. कुटुंबाने त्याऐवजी दुसरी ८ टीबीची हार्ड डिस्क वेगळी ठेवली. ती आठवड्यातून एकदा जोडून तिच्यावर नवीन फाइली घ्यायच्या आणि लगेच काढून ठेवायची, आणि मुख्य डिस्कवर काही कमी दिसले तर तपासल्याखेरीज दुसरीकडचे पुसायचे नाही, असा नियम केला. काम मध्यावर असताना घरातल्या एकाने जागा मोकळी करण्याच्या सद्हेतूने, एकाच चित्रपटाच्या दोन फाइली दिसतात म्हणून आयएसओ प्रतिमांचा सगळा फोल्डर काढून टाकला. दुसऱ्या डिस्कवरून तो दुसऱ्या दिवशी परत आला. प्रतिबिंबाच्या पेटीत तो गेलाच असता.

तिसरी प्रत सगळ्याची केली नाही. विकत घेतलेल्या चित्रपटांची मूळ डिस्क हीच त्यांची तिसरी प्रत. घरी लिहिलेल्या डिस्क आणि व्हीसीडी मिळून अडीचशे जीबीसुद्धा भरत नव्हते. तेवढ्याची प्रत एका लहान डिस्कवर घेऊन ती दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातेवाइकाकडे ठेवली. प्रत्येक फाइलची एसएचए-२५६ बेरीज, म्हणजे तिच्यातल्या माहितीवरून निघणारी ओळखखूण, काढून यादी केली, म्हणजे पुढे एखादी फाइल बदलली किंवा सडली तर ते कळेल.

डिस्क ठेवताना प्लास्टिकच्या जाड डब्या काढून टाकल्या, मुखपृष्ठाचे कागद फोल्डरमध्ये लावले आणि डिस्क पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटांत घातल्या. स्वस्त पीव्हीसीची पाकिटे मुद्दाम टाळली, कारण त्यातली मऊपणा आणणारी द्रव्ये कालांतराने डिस्कच्या पृष्ठभागाला चिकटतात.

पाहण्याची सोय

सुरुवातीला एका लहान संगणकावर जेलीफिन हे घरातल्या टीव्हीला चित्रपट पुरवणारे सर्व्हर-सॉफ्टवेअर बसवले आणि टीव्हीतल्याच अॅपवरून पाहायचे ठरवले. चित्रपट चालत, पण ब्लू-रेची उपशीर्षके लावली की चित्र अडखळे. डीव्हीडी आणि ब्लू-रेवरची उपशीर्षके मजकुराच्या नव्हे, तर चित्रांच्या स्वरूपात असतात. टीव्हीला ती दाखवता येत नसतील तर सर्व्हर ती चित्रपटावर उमटवून सगळे चित्र जागच्या जागी नव्याने घडवतो, आणि लहान संगणकाला ते झेपत नाही. उपशीर्षकांचे मजकुरात रूपांतर करून पाहिले, तर अक्षरओळखीत इतक्या चुका आल्या की त्या सुधारणे हेच वेगळे काम झाले असते. टीव्हीला कोडी हे प्लेअर-सॉफ्टवेअर चालवणारी एक छोटी पेटी जोडली आणि वायफायऐवजी तार ओढली, तेव्हा प्रश्न मिटला. ती पेटी फाइल आहे तशी वाचते आणि सर्व्हरवर कोणताच भार येत नाही.

नावांची शिस्त आधीच ठरवलेली होती : चित्रपटाचे नाव आणि कंसात वर्ष. एकाच नावाचे दोन-तीन चित्रपट असतात, आणि कमी प्रसिद्ध चित्रपटांची माहिती सॉफ्टवेअर आपणहून शोधायला गेले की हमखास भलतेच पोस्टर आणते. अशा वेळी वहीतली नोंदच प्रमाण मानली.

निष्पत्ती

सगळे काम साधारण सात महिने चालले. संग्रहातला एकूण एक विकत घेतलेला ब्लू-रे उतरला. डीव्हीडींपैकी नऊ आणि व्हीसीडींपैकी सात अर्धवट राहिल्या. संग्राहक आता पूर्वीपेक्षा अधिक चित्रपट पाहतात. त्यांची वही स्कॅन करून संग्रहातच ठेवली आहे, आणि मंडळाच्या चर्चा जुन्या सभासदांना घरी बोलावून दाखवण्याचा बेत आहे.

वेगळे काय करता आले असते

पहिल्याच दिवशी सगळ्या डिस्क प्रकाशात धरून त्यांची छाननी व्हायला हवी होती. त्याला एक सुटी पुरली असती. ज्या दोन डिस्क कोणत्याच ड्राइव्हने ओळखल्या नाहीत त्या ब्लू-रे उतरवण्याच्या आठवड्यांत मेल्या की आधीच मेल्या होत्या हे आता ठरवता येणार नाही. पण त्या आठवड्यांत त्यांना हात लावला गेला नाही, एवढे खरे.

दुसरा ड्राइव्ह फार उशिरा आणला गेला. पहिल्या टप्प्यात ‘खराब’ म्हणून बाजूला ठेवलेल्या काही डीव्हीडी दुसऱ्या ड्राइव्हने विनातक्रार वाचल्या. वेगवेगळ्या बनावटीचे किमान दोन ड्राइव्ह, आणि त्यांतला एक पूर्ण आकाराचा, हे अशा कामाचे पहिले भांडवल समजावे.

तपासणी कामाच्या शेवटी एकगठ्ठा न करता रोजच्या रोज करायला हवी होती. रूपांतर करणारे सॉफ्टवेअर वाचनातील चुकांची सूचना देत होते, पण ती त्या वेळी कोणी वाचली नाही आणि तीच डिस्क पुन्हा कपाटातून शोधावी लागली. उलट, न दाबता ठेवण्याचा आणि तिसरी प्रत फक्त दुर्मीळ साहित्याची करण्याचा निर्णय मी पुन्हा तसाच घ्यायला सांगेन.

अर्धवट राहिलेल्या डिस्कच्या नकाशा-फाइली जपून ठेवल्या आहेत. वेगळा ड्राइव्ह कोठे हाती लागला की राहिलेल्या तुकड्यांपासूनच पुढे सुरुवात करता येईल, आणि मुलगी सध्या जुन्या संगणकांतून काढलेल्या अशाच एका ड्राइव्हच्या शोधात आहे.